परत आलेली शेगडी

दुकानाच्या दारावर डकवलेला कागद सत्यशीला नखानं सोडवायला लागली, तसे बद्रीनाथशेठ आतून ओरडले.

“अहो बाई, काय करून राह्यल्या? कंपनीचा कागद हाय तो.”

“मला पाहिजे होता, शेठ. एका जागी दाखवायचाय.”

छोट्या सिलिंडरवर बसणाऱ्या स्टीलच्या शेगडीची चावी बंद केली तरी गॅस गळतो. जुनी आणून द्या, नवी फुकट न्या, असं कागदावर छापलं होतं. सर्जेरावमामा अंबडच्या बाजाराला आले तेव्हा त्यांनी तो वाचला आणि भाचीला राजूरहून बोलावून घेतलं. चौऱ्याण्णव साली तिच्या लग्नात तसली शेगडी त्यांनीच दिली होती. कंपनी हीच होती का, ते मात्र त्यांना नीट आठवत नव्हतं. कागद वाचल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. दुकानात यायचाही धीर होईना, म्हणून ते समोरच्या हॉटेलात बसून राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्या शेगडीनं सत्यशीलाचा हात आणि मान भाजली. दवाखान्यातून ती माहेरी आली ती कायमचीच. हिला साधी चावी बंद करता येत नाही, उद्या घर जाळील, असा सासरच्यांनी धोशा लावला होता. चावी बंद केल्याचं ती शपथेवर सांगे. नवऱ्याला ते पटत नव्हतं. आता छापील कागद होता. तो वाचून नवरा न्यायला येईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

“तुमची शेगडी हीच होती का, बघा तरी,” शेठ म्हणाले. “मागं ढीग हाय. उद्या कंपनीची गाडी नेणार.”

तसलीच शेगडी, तसलीच लाल चावी. तिची खात्री पटली. तरी ती एकेक उचलून बघत राहिली. एकीच्या काळ्या पडलेल्या कडेवर अक्षरं कोरलेली होती: सत्यशीला हिस सर्जेरावमामांकडून सप्रेम भेट.

“ही कोणी आणली?”

“ती व्हय? पोळ्याच्या आधी आल्ता एक जण. संगं बायको होती.”

“भुवईवर वण होता त्याच्या?”

“हां, बराबर. त्याला समदं समजावून सांगितलं. चावीच खराब, बाईमाणसाची काही चूक न्हाई म्हणलं. गप ऐकून घेतलं अन् नवी घेऊन गेला. वळखीचा हाय?”

“होता.”

पोळा होऊन दोन महिने झाले होते. तिनं शेगडी ढिगाच्या तळाशी सरकवली, नावाची बाजू भिंतीकडे केली. जाताना कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला.

मामा हॉटेलच्या पायरीवर येऊन उभे होते.

“काय गं? आपलीच होती का?”

“न्हाई मामा. आपली दुसऱ्या कंपनीची होती.”

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला. मग ते हळूच म्हणाले,

“मंग तुझ्याच हातून चावी राह्यली आसंल, बाई.”

“हां,” सत्यशीला म्हणाली, आणि भाजलेल्या हातावर पदर घेऊन स्टँडकडे चालू लागली.