म्यान दुसऱ्याचं

"बघू, बघू," म्हणत संदेशने पाटावरचा खंजीर उचललाच. दसऱ्याची पूजा व्हायची होती, अण्णांच्या हातातली हळदकुंकवाची कोयरी हातातच होती. पण जुनं लष्करी हत्यार दिसलं की या गृहस्थाला धीर म्हणून धरवत नसे. आठवडाभर वागळे इस्टेटमध्ये मशीनचे भाग तपासायचे आणि रविवारी खंजीर जमवणाऱ्यांत जाणकार म्हणून मिरवायचं, असा त्याचा खाक्या. आज मात्र तो लेकीच्या, दर्शनाच्या सासरी, डोंबिवलीला, तिच्या पहिल्या दसऱ्याचा पाहुणा होता.

"एकाहत्तरच्या लढाईत आमच्या मेजरसाहेबांनी कमरेचा काढून दिला मला," दर्शनाचे आजेसासरे अण्णा कौतुकाने म्हणाले.

ही गोष्ट त्या घरात दर दसऱ्याला व्हायची. संदेशचा जावई साकेत ती ऐकतच मोठा झाला होता. पाहुण्याने नुसती मान डोलवायची होती.

संदेशने चष्मा कपाळावर चढवला. "मेजरचा कसला, अण्णा! मुठीजवळ नंबर वेगळा, म्यानावर वेगळा. पातं आत खुळखुळतंय. स्क्रू तर आत्ताचे! दोन-तीन खंजिरांचे तुकडे जोडून बाजारात खपवलंय कोणीतरी. आमच्यात याला खिचडी म्हणतात."

तो हसला. एकटाच. दारात प्रसादाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या दर्शनाचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्याच्या डोक्यात शिरलं.

"म्हणजे... मेजरनेच तसा घेतलेला असेल," तो चाचरला.

"असू दे हो, संदेशराव. बरोबर ओळखलंत," अण्णा म्हणाले. मग नातवाकडे वळले. "साकेत, अरे मी लढाईवर गेलोच नव्हतो. डेपोत होतो, जवानांना बूट द्यायला. तू एवढासा असताना विचारलंस, आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले? मग एक दिवस बाजारातून हा घेऊन आलो."

साकेत खाली बघत राहिला. त्याचे आईवडील मात्र जराही चकित झाले नाहीत. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि इतकी वर्षं त्यांनी म्हाताऱ्याचा मान राखला होता. संदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर्शनाला याच घरात नांदायचं होतं.

अण्णांनी खंजीर उपसला. पातं पाटाच्या एका कडेला ठेवलं, म्यान दुसऱ्या कडेला. "एकमेकांची नाहीत ना, मग वेगवेगळीच बसू देत," म्हणत दोघांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं.

पूजेनंतर सोनं द्यायला ते आधी संदेशकडेच आले. आपट्याची पानं घेऊन तो त्यांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी पाठीवर हात ठेवला. वर उठलं की लेकीच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं. तो तसाच वाकून राहिला.