साडेचोवीसमधलं साडे

व्हर्लीन मॅबरी पैज जिंकल्या.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरा. सलूनच्या नियमानुसार असं काहीही घडलेलं नाही. आणि न घडलेल्या गोष्टींबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही.

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तळहाताएवढी. माझ्यावर पांढऱ्या रंगात एवढंच लिहिलंय: ½. मित्रांनो, माझ्या शेजारच्या पाट्यांवर दोन, चार, सात असे धडधाकट आकडे आहेत. मी अर्धी. मिसिसिपीतल्या क्लेटर्स बेंड गावात लॉन्झेल टॅकेटचं सलून आहे. तिथे भिंतीवर खिळे ठोकलेला फळा आहे आणि त्यातला शेवटचा खिळा माझा. लॉन्झेलच्या वडिलांनी मला तेलाच्या डब्यातून कापलं, कडा घासल्या, रंगवलं आणि म्हणाले, "ही पाटी गावातली भांडणं मिटवेल." बिचारे चांगले न्हावी होते. भविष्य सांगणं हा त्यांचा धंदा नव्हता.

आमच्याकडे शनिवारी कॉलेजांचा फुटबॉल असतो. हा फुटबॉल हाताने खेळतात, नावावर जाऊ नका. कधीकधी राज्याचं मोठं विद्यापीठ आमच्या टॅलोवा कॉलेजसारख्या चिमुकल्या कॉलेजला बोलावून धुऊन काढतं. कोण जिंकणार हे आंधळ्यालाही दिसतं, मग पैज कशावर लावायची? तर दुबळ्याला आधीच गुण द्यायचे. समजा, साडेचोवीस. दुबळे पंचवीसने हरले तर त्यांच्यावर पैज लावणारा बुडाला. चोवीसने हरले तर पोरं मैदानावर हरली, पण तो जिंकला. बरोबरी होऊच नये म्हणून मधे मी. बोलताना माझं नाव आधी येतं, फळ्यावर मी सगळ्यांत शेवटी.

राग कशाचा, ते ऐका. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण मिळतात. मग लाथ मारून दोन खांबांमधून घातला की आणखी एक. लांबून घातला तर तीन. अर्धा गुण आजवर एकाही खेळाडूने मिळवलेला नाही. मला कमावणारा माणूस जन्मलाच नाही! तरी पोट सुटलेली माणसं खुर्चीत पाय पसरून एकोणीस वर्षांच्या पोरांना शिव्या देतात, त्या माझ्यावरून. पैजवाले मला 'गळ' म्हणतात, माशाच्या घशात अडकतो तो. मी कुणाच्या घशात गेले नाही. मी खिळ्यावर असते.

निदान असायचे.

आता व्हर्लीनमावशी. टॅलोवा कॉलेजच्या भोजनगृहात त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. त्यांचे यजमान हॉइट यांनी लोखंडी पिंप जोडून मांस भाजायची भट्टी केली होती. दर सामन्याच्या सकाळी मैदानाच्या फाटकाजवळ, पेकानच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीतल्या, झाडाखाली ती पेटायची. ती जागा मॅबरींची, हे सगळं गाव जाणत होतं. पण आमच्या गावचा एक रिवाज आहे: एक हंगाम जागा रिकामी राहिली, तर जो येईल त्याची. हॉइट गेले. मावशी एक हंगाम अंथरुणाला खिळल्या. आणि रॉइस हॅडॉक आला.

रॉइस पोहण्याचे तलाव विकतो. त्याच्याकडे बसएवढी मोठी, चाकांवरची घरगाडी आहे. ती त्याने झाडाखाली लावली. तिथे बसून तो काय करतो माहीत आहे? समोरच्या मैदानाकडे पाठ करून टीव्हीवर मोठ्या विद्यापीठाचा सामना बघतो!

शुक्रवारी मावशी सलूनमध्ये आल्या. रॉइस तिथेच होता.

"उद्या तुझे लाडके आमच्या पोरांशी खेळतायत, रॉइस. लावतोस पैज?"

"बाई, पन्नासने हरतील ती. कशाला रडायची हौस?"

"देव तुझं भलं करो," मावशी गोड हसल्या. आमच्याकडे ही शिवी आहे. "साडेचोवीस घेते मी. जिंकले तर झाडाखालून गाडी काढायची. कायमची."

"आणि हरलात तर?"

"हॉइटची भट्टी तुझी."

लॉन्झेलचा वस्तरा हवेत थांबला. "मावशी, भट्टी नको. दुसरं काहीही लावा."

"जागा नसेल तर भट्टी कुठे पेटवू? तलावात?"

हात मिळाले. लॉन्झेलने फळ्यावर दोन लावला, चार लावला. आणि मी? मी खुर्चीखाली होते, मित्रांनो. आदल्याच दिवशी रॉइसने कुरकुर केली होती, "तुझी खुर्ची डुलते रे, होडीत बसल्यासारखं वाटतं." लॉन्झेलने हाताला लागली ती पाटी खुर्चीच्या पायाखाली सरकवली आणि विसरला. रॉइसने फळ्याकडे एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा मुद्दाम पाहिलं नाही.

फळ्याच्या वर लॉन्झेलच्या वडिलांच्या हातचा नियम आहे: 'फळ्यावर दिसेल तेच खरं. तोंडचं बोलणं केसांबरोबर झाडलं जाईल.'

शनिवारी दुपारी रॉइस दाढीला बसला, म्हणजे माझ्यावर बसला. दोनशे चाळीस पौंड. मावशी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन टीव्हीसमोर. सामन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, त्याला कत्तल म्हणतात. अडतीस-सात. एक मिनिट उरलं होतं. प्रेक्षक गाड्यांकडे निघाले होते, मोठ्यांच्या प्रशिक्षकाने चष्मासुद्धा पुसून ठेवला होता. आणि आमची पोरं, ज्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की आता पुरे, चेंडू घेऊन रेषेपार गेली. अडतीस-तेरा.

"पंचवीसने मागे," रॉइस फेसातून म्हणाला. "भट्टी धुऊन द्या हं, बाई."

"लाथ बाकी आहे. तोंड मीट, फेस जाईल आत."

टॅलोवाचा लाथ मारणारा पोरगा पुढे आला. अख्ख्या मैदानात त्या एका गुणाची कुणाला पर्वा नव्हती. चेंडू डाव्या खांबावर ठणकन आदळला, क्षणभर विचारात पडला आणि आत गेला.

अडतीस-चौदा. चोवीसचा फरक.

शेंगा छताला लागल्या. "काढ गाडी! आत्ताच्या आत्ता काढ!"

रॉइस हलला नाही. "फळा वाचा ना, बाई. चोवीस दिले, चोवीसने हरले. बरोबरी. पैज रद्द."

मावशींनी वर पाहिलं. "लॉन्झेल. माझं साडे कुठंय?"

लॉन्झेलचा चेहरा टॉवेलसारखा पांढरा झाला. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने मला खसकन ओढलं. खुर्ची कलंडली, अर्धी दाढी झालेला रॉइस दाराकडे तिरका झाला. "हे बघ! इथे होतं. माझी चूक, मीच ठेवलं. मावशी साडेचोवीस म्हणाल्या, आपण तिघांनी ऐकलंय."

"ऐकलंय ना? मग झाडून टाक. फळ्यावर होतं का, ते सांग."

मी लॉन्झेलच्या हातात होते. नियम बापाचा, अक्षर बापाचं. तो वाचून लॉन्झेल म्हणाला, "नव्हतं."

मी ओरडू शकत नाही, ही पत्र्याच्या जन्मातली सगळ्यात मोठी खोट आहे.

"तुझ्या बापाने हा नियम खोटारड्यांसाठी केला होता, पोरा," मावशी हळू म्हणाल्या. "खरं बोलणाऱ्यांना झाडून काढायला नव्हे." त्यांनी पर्स उचलली आणि जमिनीवरच्या शेंगाही वेचल्या, कारण स्वच्छता त्यांना येते.

रॉइस खुर्ची सरळ करत म्हणाला, "चल, दुसरा गाल घे."

लॉन्झेलने वस्तरा मिटला. "दरपत्रक वाच. 'दाढी, बारा डॉलर.' दोन्ही गालांची, असं कुठं लिहिलंय?"

"अरे, पण सगळ्यांना माहीत असतं!"

"झाडून टाकलं ते."

तो रस्त्याने एका गालावर फेस घेऊन गेला. कौतुकाची गोष्ट आहे, पण गाडी झाडाखालीच आहे. ती गालावर चालत नाही. लॉन्झेलने मला पुसून पुन्हा खिळ्यावर लावलं. काम संपल्यावर मिळालेल्या सन्मानाचं काय करायचं असतं, हे कुणी मला शिकवलेलं नाही. म्हणून, मित्रांनो, मी अर्ज केला आहे. तो असा:

प्रति, मा. अध्यक्ष, नियम समिती, कॉलेज फुटबॉल.
विषय: अर्धा गुण मैदानावर देण्याबाबत.

महोदय, अर्जदार ही पत्र्याची पाटी असून तिच्या नावावर आजतागायत एकही गुण जमा नाही. तरी सामना हरल्यावरही मन लावून शेवटची लाथ मारणाऱ्या खेळाडूस अर्धा गुण देण्याची तरतूद तातडीने व्हावी. सदर तरतूद मागील शनिवारपासून लागू धरावी, जेणेकरून त्या सामन्यातील फरक साडेतेवीस होईल. तसेच पेकानच्या झाडाखालील वाहन संबंधिताने स्वखर्चाने हलवावे, असे आदेश येत्या शनिवारी सकाळी सहाच्या आत निघावेत, कारण श्रीमती व्हर्लीन मॅबरी या भट्टी घेऊन सहाला तेथे पोहोचत आहेत आणि त्यांना कुणीही थांबवू शकलेले नाही. ही नम्र विनंती.