पुसून लख्ख केलेली पानं

कुणाचंही झाड थोरलीच्या हाती आलं की त्याचं सोनं होतं, असं थोरलीचं स्वतःचंच म्हणणं होतं. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या धाकट्या जावेनं आपलं जांभळं ऑर्किड तिच्याकडे आणून ठेवलं. थोरलीनं आधी पानावरून बोट फिरवलं आणि बोटाची धूळ जावेच्या नाकासमोर धरली.

"झाड पाळलंयस की अडगळ? परत येशील तेव्हा ओळखू येणार नाही तुला."

तसंच झालं. ओळखू येईना.

आधी एका पानावर तपकिरी ठिपका उठला, भोवती पिवळं कडं. थोरली म्हणाली, धुळकट घरातून आलंय, घेऊन आलं असणार काहीतरी. मग शेजारच्या कुंडीत ठिपके आले, मग तिच्या लाडक्या पांढऱ्यावर. बघता बघता खिडकीतली सगळी रांग गोवर आल्यासारखी दिसू लागली.

रोपवाल्यानं पान उलटसुलट करून पाहिलं. "बुरशी आहे, काकू. डागाळलेला भाग कापा, कात्री दर वेळी ह्या औषधात बुडवा, आणि पानांवर हेच फवारा."

बाटलीत जखमा धुवायचं सौम्य जंतुनाशक होतं. थोरलीनं झाकण काढून हुंगलं. पाण्याला असतो तेवढाच वास.

"हे झोंबत नाही?"

"नाही."

"मग बुरशीला काय, आंघोळ घालायची?"

"फिनेल ओताल तर बुरशीच्या आधी झाड जाईल, काकू."

थोरली रोज सकाळी फवारायची, कापायची, कात्री बुडवायची. त्यात कसूर नाही. मग नेहमीचं काम. जुन्या साडीचं मऊ फडकं ओलं करायचं आणि खिडकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक पान पुसून लख्ख करायचं. घरात आजारी माणूस असलं म्हणून तोंड धुवायचं सोडतं का कुणी?

आणि रोज सकाळी नवे ठिपके हजर.

तिनं बाटलीला शिव्या घातल्या, रोपवाल्याचा उद्धार केला. सुनेनं नुसतं विचारलं, "आज कसं आहे झाड?" तर तिलाही ऐकावं लागलं. "औषध सौम्य, माणसं सौम्य, बुरशी तेवढी खमकी," थोरली म्हणाली. मुलानं ताटातून मान वर केली नाही. त्याला अनुभव होता.

अशात जावेचा फोन आला. "रविवारी येते, वहिनी. माझं झाड कसं आहे?"

"झाडासारखं आहे," म्हणून थोरलीनं फोन ठेवला. जांभळ्याची निम्मी पानं तोवर केराच्या डब्यात गेली होती.

त्याच तिरमिरीत ती फडकं पिळायला न्हाणीघरात गेली. तिथल्या खिडकीत सुनेचं ऑर्किड होतं. न विचारता आणलं म्हणून थोरलीनं त्याच्यावर बहिष्कार टाकलेला. पानांवर बोटभर धूळ. ठिपका एक नाही, वर कळ्यांचा तुरा.

"ह्याला चोरून काय घालतेस गं?"

"काही नाही, आई," सून दारातून म्हणाली. "पाणी घालते. बाकी हात लावत नाही."

थोरलीची नजर त्या धुळकट पानांवरून खाली आली. हातातल्या फडक्याचं पाणी पायावर ठिबकत होतं. रोग्याचं तोंड पुसायचं आणि त्याच फडक्यानं सगळ्या घराची तोंडं पुसायची. कात्री बुडवली होती तिनं दर वेळी. फडकं मात्र एकदाही नाही.

तिनं फडकं केराच्या डब्यात टाकलं आणि वर भाजीची सालं दाबली. सुनेनं पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर थोरली नुसती फवारायची आणि हात पदरात गुंडाळून बसायची. पानं मळकट दिसायची, जीव तुटायचा. पण नवा ठिपका उठला नाही.

रविवारी धाकटी आली. कुंडीत दोन पानं, तीही कडेनं कातरलेली. तिनं कातरलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"बाकीची कुठं गेली, वहिनी?"

औषध भिकार, रोपवाला लबाड, सगळं थोरलीच्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात धाकटीनं पिशवीतून नवंकोरं मऊ फडकं काढलं. "तुमचं बोलणं लागलं होतं मला. आता रोज पुसणार. दोन तर दोन."

थोरलीनं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"पुसू नकोस."

"का?"

थोरलीनं खिडकीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं. सून चहाचे कप घेऊन मध्येच थांबली होती.

"मी पुसलं," थोरली म्हणाली. मग बाटली जावेच्या पिशवीत कोंबली. "सकाळी फवार. आणि झोंबत नाही म्हणून नावं ठेवू नकोस त्याला."