‘व इतर दोन’

मित्रांनो, मला खाली उतरवायचं तर दोघांनी धरावं लागतं. एकट्याने प्रयत्न केला की कमरेत उसण भरते. एवढ्यावरून माझं वय आणि वजन दोन्ही तुमच्या लक्षात आलं असेल. जिल्हा न्यायालयाच्या तळघरात रेकॉर्ड रूम आहे, तिथली मी एक जुनी नोंदवही. निकाल लागून गेलेल्या फौजदारी खटल्यांची. खटला कुणावर झाला, निकाल काय लागला आणि त्याचे कागद कुठल्या गठ्ठ्यात बांधून ठेवले, हे सगळं माझ्या पोटात लिहिलेलं आहे. मी नसते तर वरच्या तीन मजल्यांवर वर्षानुवर्षं चाललेलं ते बोलणं नुसतं हवेत विरून गेलं असतं, असं मी म्हणते. शेजारची कपाटं म्हणतात, मला फार गर्व आहे. असू दे.

एका म्हाताऱ्या बाइंडरने मला शिवलं. पाठीला चामडं, कडांना जाड कापड आणि आत सहाशे पानं. प्रत्येक पानावर सहा रकाने. शिवून झाल्यावर त्याने मला जमिनीवर ठेवलं आणि चक्क माझ्यावर उभा राहिला. पाठ फाटली नाही, तेव्हा कुठे त्याने मान डोलावली. त्या दिवशी मला फार राग आला होता. पण आजही माझा एक टाका उसवलेला नाही, तेव्हा त्याचं बरोबरच होतं म्हणायचं.

पुढे मी एका कारकुनाच्या हाती आले. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे त्यांना मोतीसाहेब म्हणत. लिहिताना ते ओळीखाली पट्टी धरत. त्यांचा एक नियम होता: एक प्रकरण, एक ओळ. नाव लांब असलं तर अक्षर बारीक करतील, पण दुसऱ्या ओळीत जाणार नाहीत. खटल्यात आरोपी पुष्कळ असले तर पहिल्याचं नाव लिहून पुढे ‘व इतर’ लिहीत आणि आकडा घालत. निकालाच्या रकान्यातही एकच शब्द. पानं अशी देखणी दिसत की तपासणीला आलेल्या न्यायाधीशांनी मला दोन्ही हातांनी उचललं, सगळ्या कारकुनांना दाखवलं आणि म्हणाले, “नोंदवही असावी तर अशी.” मोतीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती फुगली ती कित्येक वर्षं फुगलेलीच होती.

त्या काळात माझ्याकडे कोण कोण आलं म्हणून सांगू? गावाचा इतिहास लिहिणारे एक निवृत्त मास्तर महिनाभर रोज येत आणि जेवायची वेळ विसरत. एक बाई मुलीचं लग्न ठरवण्याआधी होणाऱ्या व्याह्यांचं नाव शोधायला आली, काही सापडलं नाही तशी हसत गेली. वकील तर दिवसातून दहादा येत आणि ओल्या बोटाने पानं उलटत, त्यांचं काही मला कौतुक नाही.

मग संगणक आला. तीन महिन्यांसाठी दोघांना कामावर घेतलं आणि त्यांनी माझी ओळ न् ओळ त्याच्यात उतरवली. पडद्यावर पाचच रकाने मावत होते, म्हणून गठ्ठा क्रमांकाचा सहावा रकाना त्यांनी सोडूनच दिला. काम संपल्यावर मला सगळ्यात वरच्या फळीवर चढवलं. धूळ बसली, एका कोपऱ्याला कसर लागली. जुन्या खटल्याचा अर्ज आला की ‘कागद सापडत नाहीत’ असा शेरा मारून परत जाई. गठ्ठा कुठला हे मला माहीत होतं, पण मला विचारायला वर चढणार कोण?

चढली ती आमची बाई, सगळे तिला नुसतं ‘बाई’च म्हणतात. चार वर्षांपूर्वी ती रेकॉर्ड रूम सांभाळायला आली आणि पहिल्याच आठवड्यात हातात फडकं घेऊन शिडीवर चढली. तिने मला पुसलं, कोपरा साफ केला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मित्रांनो, मोतीसाहेबांनंतर मला सगळी वाचणारं माणूस हेच. तिच्याबद्दल मी कितीही बोलले तरी कमीच पडेल.

रेकॉर्ड रूमच्या अर्जाच्या खिडकीशी येणारी माणसं बहुतेक घाबरलेली असतात. आपण काही गुन्हा करायला आलो की काय, अशा चेहऱ्याने उभी राहतात. बाई त्यांना आधी बसायला सांगते. मग म्हणते, “उघड्या कोर्टात जे झालं, ते कुणालाही बघता येतं. लहान मुलांची आणि न्यायाधीशांनी बंद ठेवायला सांगितलेली प्रकरणं सोडून. तुम्ही मला एवढंच सांगा, कुठलं कोर्ट, साधारण कुठलं वर्ष आणि कुणाचं नाव. नुसतं बघायचंय की नक्कल हवीय, तेही सांगा.” एवढं ऐकलं की माणसाचे खांदे खाली येतात. मी वरून पाहिलेलं आहे.

एका सोमवारी चाळिशीची एक स्त्री खिडकीशी आली. तिची बोटं काळपट होती आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. बाजारात तिच्या वडिलांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. वडील आता एकोणऐंशी वर्षांचे, त्यांचे हात कापतात, म्हणून तिला दुकानाचा परवाना आपल्या नावावर करायचा होता. त्यावर कुणीतरी हरकत घेतली होती: हिचा बाप घड्याळांच्या दुकानातल्या चोरीत सापडला होता, अशा घरात किल्ल्या करायचा परवाना देऊ नये. परवाना कार्यालयाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर खटल्याचा कागद आणला नाही तर अर्ज रद्द, दुकान बंद.

“केस झाली होती, मला आठवतंय,” ती म्हणाली. “मी सात वर्षांची होते. बाबा म्हणाले, सुटलो. पुढे कधी त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. घर बदललं तेव्हा कागद गेले.”

संगणकावर बसणाऱ्याला आम्ही टकटक्या म्हणतो. माणूस वाईट नाही, पण सगळ्याची घाई. त्याने तिच्या वडिलांचं नाव टाकलं आणि म्हणाला, “काही नाही. ताई, तुमचं काम सोपं झालं. या नावाची नोंद आढळली नाही असा दाखला घ्या आणि जाऊन द्या. कोण विचारतंय?”

किल्लीवालीने कमरेचा जुडगा मुठीत धरला. मला तिचा चेहरा दिसत होता. तो दाखला घेतला असता तर तिचं दुकान कदाचित वाचलं असतं, आणि खऱ्या कागदात काय निघेल याची तिला मनातून भीती वाटत होती. बाप सुटलो म्हणाला होता, पण गल्लीतली माणसं वेगळंच म्हणत आणि तीही त्यांच्यातच लहानाची मोठी झाली होती.

“नको,” ती शेवटी म्हणाली. “झालेली केस झालीच नाही म्हणून कशी सांगू? जे असेल ते मला बघायचंय.”

बाईने खुर्ची तिच्याजवळ ओढली. “त्यांच्याबरोबर आणखी कोण होतं?”

“माहीत नाही.”

“मग घरी जाऊन विचारा. एक नाव मिळालं तरी पुष्कळ झालं.”

मंगळवारी ती परत आली. बाबा आदल्या संध्याकाळी जेवलेच नाहीत, सकाळी चहा पिताना त्यांनी एकच नाव सांगितलं, असं म्हणाली. नाव घड्याळवाल्याच्या नोकराचं होतं. टकटक्याने ते टाकलं आणि पडद्यावर ओळ आली: त्या नोकराचं नाव, पुढे ‘व इतर दोन’. निकाल: शिक्षा.

“लागली की शिक्षा,” टकटक्या हळूच म्हणाला.

किल्लीवालीने कपाळाला हात लावला. सदतीस वर्षं जे ऐकायला लागू नये असं वाटत होतं, ते तिच्या कानावर पडलं होतं. आणि मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच ती ओळ आठवली. पट्टी धरून लिहिलेली, इतकी सुंदर. मला माझ्या देखणेपणाची तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

“थांबा,” बाई म्हणाली. “तीन माणसं आणि निकाल एकच? ही ओळ पहिल्याची आहे. बाकीच्या दोघांचं काय झालं, ते निकालपत्र उघडल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही आधी अर्ज लिहा.”

अर्ज झाला, त्यावर सही झाली. पण गठ्ठा क्रमांक संगणकात नव्हता. तेव्हा बाई आणि टकटक्याने मला खाली उतरवलं, सहावा रकाना पाहिला आणि तिथे क्रमांक होता, अगदी स्वच्छ. मला वाटलं, निदान एवढं तरी आपण नीट सांभाळलं. आता सापडलंच, असं म्हणून टकटक्या त्या कपाटाकडे धावला आणि रिकाम्या हाताने परत आला. मागे कधीतरी भिंतीला ओल आली होती, तेव्हा त्या कपाटातले गठ्ठे जिथे जागा मिळाली तिथे कोंबले होते.

बुधवारचा सगळा दिवस बाई एकेक गठ्ठा सोडत राहिली. नाकाला रुमाल, हातात टॉर्च. टकटक्याने आधी कुरकुर केली, मग स्वतःच बाह्या सरसावल्या. दुपारचा डबा दोघांनी उघडलाच नाही. वर तासागणिक कुणीतरी आवाज देई आणि बाई “आले, आले” म्हणून पुढचा गठ्ठा ओढी. माझ्यासारख्या वहीला तोंडात बोट घालता येत नाही, नाहीतर घातलं असतं. साडेचार वाजता दाराजवळच्या कपाटाखालून तो गठ्ठा निघाला.

निकालपत्र चौदा पानांचं होतं. बाईने ते चाळलं, पण तोंडाने काही सांगितलं नाही. सकाळपासून खुर्चीवर बसून राहिलेल्या किल्लीवालीपुढे ठेवलं आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं.

घड्याळांच्या दुकानाचं कुलूप ज्या किल्लीने उघडलं होतं ती किल्ली याच कारागिराच्या, म्हणजे किल्लीवालीच्या वडिलांच्या हातची, म्हणून पोलिसांनी त्याला तिसरा आरोपी केलं होतं. पण ती किल्ली त्याने मालकालाच करून दिली होती, आणि नोकराने ती मालकाच्या गल्ल्यातून उचलली होती. चोरीच्या आठ दिवस आधी नोकर आणि त्याचा साथीदार साबणावरचा ठसा घेऊन कारागिराकडे गेले होते. त्याने किल्ली करून द्यायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी चौकीवर जाऊन तसं सांगितलंही. तिथे कुणी मनावर घेतलं नाही. न्यायाधीशांनी लिहिलं होतं: ‘ज्या माणसाने सर्वांत आधी सावध केले, त्यालाच आरोपी करण्यात आले. आरोपी क्रमांक तीन यांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.’

किल्लीवालीने ते दोनदा वाचलं. “बाबांनी सांगितलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “आधीच सांगितलं होतं.” मग तिने पदर डोळ्यांना लावला. टकटक्या उगाचच खिडकी पुसायला लागला.

नक्कल मिळायला एरवी आठवडा लागतो. बाईने तातडीच्या कामात ती घातली. गुरुवारी दुपारी रुजुवात झाली, म्हणजे टकटक्या मूळ कागद मोठ्याने वाचत होता आणि बाई नकलेवर शब्दाशब्दाला बोट फिरवत होती. एक स्वल्पविराम राहिला होता, तोही तिने घालायला लावला. शिक्का बसला, सही झाली. शुक्रवारी दुपारी एक वाजता किल्लीवालीने फोन करून सांगितलं की परवाना झाला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरी कुणी असती तर इथे हात झटकून मोकळी झाली असती. बाईने वरिष्ठांना चिठ्ठी लिहिली, दुरुस्तीची परवानगी घेतली आणि लाल शाईने माझ्या समासात दोघांची नावं लिहिली. साथीदारापुढे शिक्षा, कारागिरापुढे निर्दोष. मोतीसाहेबांच्या ओळीशेजारी ते लाल अक्षर वाकडंतिकडं दिसतं. मला ते फार आवडतं. मग तिने माझ्यातले सगळे ‘व इतर’ मोजले. एक हजार दोनशे सोळा निघाले. आता ती रोज जेवणानंतर चार-पाच प्रकरणं उघडते, नावं लिहिते आणि टकटक्या ती संगणकात भरतो. निवृत्तीपर्यंत होतील का, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, “होतील तेवढी होतील.”

पंधरा दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ भिंतीचा आधार घेत जिना उतरून आले. त्यांना नोंदवही बघायची होती. बाईने अर्ज पुढे केला आणि म्हणाली, “काका, कारणाचा रकाना रिकामा ठेवलात तरी चालतो. ही वही सगळ्यांना उघडी आहे.”

त्यांनी तरी लिहिलंच. हात कापत होता, वेळ लागला. ‘माझे नाव बघायचे आहे.’

दोघांनी मला टेबलावर आणलं. त्यांनी समासातली लाल ओळ शोधली, नाव वाचलं, मग पुढचा शब्द वाचला. त्या शब्दावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

“हे कुणी मागितलं तर दाखवता?” त्यांनी विचारलं.

“कुणीही मागितलं तरी दाखवते, काका.”

“मग आता मला कुणाला सांगत बसायला नको,” ते म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुठे ना कुठे यादी लिहाल. वर्गाची लिहाल, कामाची लिहाल, कदाचित माझ्यासारख्या वहीतही लिहाल. लिहिताना ओळ बिघडली तर बिघडू द्या, पण माणसाला ‘इतर’ म्हणून सोडून देऊ नका. आणि कुणाबद्दल काही ऐकलंत, तर एका शब्दावर विश्वास ठेवण्याआधी खाली तळघरात या, अर्ज करा आणि सगळा कागद वाचा. मला उतरवायला दोघं लागतात, तेवढी तसदी घ्या.