हमीदाच्या घरची अर्धी बातमी

मी एक जुना रेडिओ आहे. दुबई शहराच्या बर दुबई भागात एका माळ्यावर धूळ खात पडलो आहे. पण मित्रांनो, १९६७ साली कापडवाले कमरुद्दीन यांच्या घरी माझा थाट काही औरच होता!

परदेशातल्या कारखान्यात माझी लाकडी पेटी घासूनपुसून चकचकीत केली होती. कमरुद्दीननी मला हौसेने घरी आणले. ते मूळचे रत्नागिरीकडचे; बहीण हमीदा त्यांच्याकडेच राहत असे. तिने माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. तिचा नवरा लियाकत मालवाहू जहाजावर खलाशी होता. संध्याकाळी शेजारी जमत, गाणी ऐकत आणि माझी तारीफ करत.

त्या वर्षी लियाकतचे जहाज व्हिएतनाममधल्या हायफाँग बंदरात गेले. त्या देशावर अमेरिकेची विमाने बाँब टाकत होती. विमाने पाडणारी क्षेपणास्त्रे जिथून सुटत, ते तळ त्यांना आधी उडवायचे होते. आज अमुक तळ उद्ध्वस्त झाले, असे मी रोज सांगे. शेजारचे जमालभाई क्रिकेटचा सामना ऐकावा तसे मांडीवर थाप मारत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. तळ काय ओसाड माळावर असतात? आजूबाजूला घरे असतात, गोदी असते, पोटासाठी आलेली माणसे असतात.

एका संध्याकाळी मी हिंदी बातम्या सांगत होतो. हायफाँगजवळच्या तळांवर हल्ला झाला, आणि बंदरात उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजाला... इतक्यात मगरिबची अजान सुरू झाली. अजान होताना रेडिओ बंद ठेवायचा, ही त्या घरची रीत. कमरुद्दीनचा हात सवयीने माझ्या बटणावर गेला. पुन्हा मला लावले, तेव्हा बातम्या संपल्या होत्या.

हमीदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"सवयीने हात गेला गं," कमरुद्दीन कसेबसे म्हणाले.

"पुढच्या बातम्यांत सांगतील, इन्शाल्ला," ती म्हणाली.

त्या रीतीवर माझा मुळीच राग नाही. माझा राग आहे पुढच्या बातम्यांवर! किती तळ उडाले, किती विमाने सुखरूप परतली, सगळे त्यात होते. जहाजाचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. हमीदा ताट बाजूला सारून माझ्यासमोर बसे आणि मी तिला गाणी ऐकवी.

काही आठवड्यांनी लियाकत अब्रा नावेतून खाडी ओलांडून घरी आला. हमीदा त्याला बिलगून रडली. पण तिचे रडणे त्याला ऐकूच येत नव्हते. स्फोटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. तो माझ्याजवळ बसला आणि नको इतक्या मोठ्याने म्हणाला, "आमच्या जहाजावरचे दोघे गेले. रेडिओवर सांगितलं ना त्यांचं?"

हमीदाने माझ्याकडे पाहिले. मग तिने होकारार्थी मान हलवली.

लियाकतने समाधानाने माझी पाठ थोपटली. मित्रांनो, ती शाबासकी मला अजून झोंबते. त्या दोघांबद्दल मला एक अक्षरही बोलू दिले नव्हते!

माझ्यावरची धूळ राहू द्या. पण कुठला तळ उडाल्याची बातमी ऐकलीत, तर टाळी वाजवण्याआधी एवढे विचारा, की तिथे शेजारी कोण होते?