‘आडवा धागा’ची लेखिका

१९७२ साल. नागपूरच्या सदरमधल्या एका टॉकीजमध्ये फिल्म सोसायटीनं रविवारी सकाळी ‘आडवा धागा’ हा जुना बोलपट लावला. कुसुमावती पराते भाची जयाला घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या.

छत्तीस वर्षांपूर्वी हा बोलपट त्यांनीच लिहिला होता. उमरेडच्या कोष्ट्याची लेक, सातवी शिकलेली. नवरा पुण्याच्या बोलपट कंपनीत तबला वाजवायचा आणि त्या संवाद लिहायच्या. पण मालक म्हणाले, "बाईचं नाव पडद्यावर नको, लोक हसतील." नाव लागलं मालकांच्या भावाचं, केशवरावांचं. ते गिळून त्या नागपूरला परतल्या होत्या.

तिसऱ्या रिळाला आवाज गेला. शिट्ट्या झाल्या, लोक उठायला लागले. पडद्यावर नायिका सासऱ्यासमोर उभी होती. कुसुमावतीबाई समोरच्या खुर्चीला धरून उठल्या आणि मोठ्यानं बोलू लागल्या.

"मामंजी, लुगडं मी विणलं. बाजारात घेऊन मीच जाईन."

मग सासऱ्याचं वाक्य, मग नणंदेचं. पडद्यावरचे ओठ आणि त्यांचा आवाज जुळत गेले. लोक पुन्हा बसले.

"आत्या, बस ना आता. दमून राहिली तू," जया कुजबुजली.

"चूप वं. सासऱ्याचं बोलनं बाकी हाये."

रीळ संपेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

सोसायटीचा चिटणीस, प्राध्यापक रवींद्र, धावत आला. "आजी, किती वेळा पाहिला होता तुम्ही?"

"पाह्यला दोनदा. लिवला म्या."

रवींद्रनं हातातलं पत्रक पाहिलं. "इथं तर केशवराव आहेत."

"मले मालूम हाये. ते बदला."

"पण पुरावा?"

"वही कंपनीत ठेवून आली मी. मालकाच्या घरी शोधा, अन् अक्षर जुळवून पाहा." पत्रकाच्या पाठीवर त्यांनी तिथंच अर्धा प्रवेश लिहून दिला.

रवींद्रनं पुण्याला पत्र टाकलं. उत्तर येईना. कुसुमावतीबाई दर महिन्याला त्याच्या कॉलेजवर कार्ड टाकायच्या. मजकूर एकच : वही सापडली का? आठव्या कार्डानंतर तो स्वतःच पुण्याला गेला. मालकांच्या सुनेनं माळ्यावरची पेटी उघडून दिली. वही निघाली, अक्षर तेच होतं.

बोलपट पुन्हा लागला. रवींद्रनं हौसेनं नवं पत्रक त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा लावला.

"हे कोन? कुसुमावती परांजपे?"

रवींद्र ओशाळला. "छापखान्यात वाटलं असेल... पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"पुढच्या वेळी काहून? मी पराते हाये, कोष्ट्याची. पेन द्या."

खेळाला अर्धा तास होता. तिकीटखिडकीजवळच्या बाकावर त्या बसल्या आणि एकेका पत्रकावर नाव दुरुस्त करू लागल्या. थोड्या वेळानं रवींद्रही शेजारी बसला. दीडशे पत्रकं झाली, तेव्हाच त्यांनी दार उघडू दिलं.