भोपळ्याची भीती

माझा धाकटा भाऊ बुदिमिर याची नात यागोदा. तिचं लग्न कोरोनामुळे दोनदा पुढे ढकललं गेलं, त्या वर्षीची ही गोष्ट. शरद ऋतू होता, आलुबुखाराची दारू गाळायचे दिवस होते. भट्ट्या पेटलेल्या होत्या, पण त्यांच्यापाशी कोणी नव्हतं. सगळं गाव वितळलेलं शिसं ओतून अंगातली भीती काढणाऱ्या स्तामेनाच्या अंगणात होतं. डोंगरापलीकडच्या गावांतूनही गाड्या आल्या होत्या. कोणी कंबरदुखी घेऊन आलेलं, कोणी रात्रभर रडणारं पोर. एक जण विचारत होता, ट्रॅक्टरवर शिसं ओतता येईल का.

अंगणात, फाटकाशेजारच्या खुर्चीवर, बुदिमिर बसला होता. तो चमत्काराचा पुरावा होता.

झालं होतं असं. बुदिमिर कोरोनातून नुकताच उठला होता. आदल्या आठवड्यात भट्टीपाशी उभा असताना त्याच्या हातातला पेला गळून पडला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि शब्द जिभेत अडखळू लागले. अशा वेळी आमच्याकडे कारण शोधत बसत नाहीत. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून वाहणारा वारा माणसाचं तोंड वाकडं करतो, हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बुदिमिरची बायको रादोयका धावत घरात गेली आणि तिने सगळ्या खिडक्या लावल्या. बुदिमिर अंगणात होता, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

मग स्तामेना आली. वाऱ्याच्या पाठोपाठ अंगात भीती शिरते आणि ती शिशाने काढावी लागते, असं तिचं शास्त्र. तिने बुदिमिरच्या डोक्यावर लाल कापड टाकलं, वर पाण्याची परात धरायला लावली आणि पळीतलं वितळलेलं शिसं परातीत ओतलं. चर्र आवाज झाला. पाण्यातून निघाला एक काटेरी, शिंगं फुटलेला गोळा.

"ही बघा भीती," स्तामेना म्हणाली. "जा गं बये, जिथे कोंबडा आरवत नाही, जिथे चूल पेटत नाही, जिथे सासू नाही तिथे जा."

"तिथे मीच जाते," रादोयका पुटपुटली.

तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा शिसं अंड्यासारखं गुळगुळीत निघालं. कापड काढलं तर बुदिमिरचं तोंड सरळ. तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "माझा पेला कोणी उचलला?"

तेव्हापासून स्तामेना त्याला रोज खुर्चीवर बसवायची. येणाऱ्याने शंका काढली की म्हणायची, "मला काय विचारता? त्याला विचारा." बुदिमिरलाही ते आवडायचं. त्याच्या गोष्टीत दर खेपेला तोंड आणखी थोडं वाकडं झालेलं असायचं.

त्या दिवशी सकाळी मी माझ्या गुडघ्यासाठी दवाखान्यात गेले होते. बोलता बोलता डॉक्टर नेवेनाला ही गंमत सांगितली. ती हसली नाही. "किती वेळात बरं वाटलं त्याला?" तिने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत पिशवी उचलली. "आजी, चला. आत्ता."

आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा बुदिमिर ट्रॅक्टरवाल्याला गोष्ट सांगत होता. "आणि माझं तोंड असं..." म्हणाला, आणि तोंड तसं झालं. लोक हसले. छान नक्कल करतो, असं त्यांना वाटलं. मग तो खुर्चीवरून एका अंगाने घसरला.

नेवेना त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. "हसा बरं, काका. दोन्ही हात वर करा." एकच हात वर झाला. तिने घड्याळात पाहिलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"बाजूला हो, पोरी," स्तामेना म्हणाली. "शिसं चुलीवर चढवलंय मी. रादोयका, कापड आण."

"पाणीसुद्धा पाजायचं नाही त्यांना," नेवेना म्हणाली. "मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली आहे. कोरोनानंतर कित्येक आठवडे रक्त घट्ट राहू शकतं. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. गाडी येते आहे."

"मी नाही पाठवणार," रादोयका म्हणाली. तिने नवऱ्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला होता. "माझा भाऊ गेला होता त्या इस्पितळात. परत आला तो बंद पेटीत, तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. इथे तो मागल्या वेळी बरा झाला. वन्सं, तुम्ही तरी सांगा हिला."

गाडी खालच्या गावाहून यायची होती. ती येईपर्यंत रादोयकाची मूठ सुटली नसती तर त्या गर्दीतून बुदिमिरला कोणी हलवू दिलं नसतं.

नेवेनाने त्याला कुशीवर वळवलं आणि तिथूनच मला म्हणाली, "माझी आजीही शिसं ओतायची. आजी, तो भोपळा घ्या. वर लाल कापड टाका."

मी भिंतीलगतचा भोपळा उचलला, त्यावर कापड टाकलं आणि चुलीवरची शिशाची पळी घेतली. ट्रॅक्टरवाल्याने परात धरली.

"आता पळी उंच धरा आणि धसकन ओता."

मी ओतलं. चर्र झालं. शिंगं, काटे, शेपूटसुद्धा.

"भोपळा कशाला भ्याला असेल?" कोणीतरी विचारलं.

"सुरीला," दुसरा म्हणाला. "रविवार आहे उद्या."

"आता पळी पाण्याला टेकवून हळूहळू सोडा."

गुळगुळीत अंडं निघालं. "भोपळा बरा झाला," ट्रॅक्टरवाला म्हणाला. पळी कधी उंच धरायची आणि कधी खाली आणायची, हे स्तामेनाच्या हाताला पाठ होतं.

रादोयका मात्र हलली नव्हती. "मग तो बरा कसा झाला?"

"काकी, भट्टीच्या नळीत चोथा अडकतो ना? कधी कधी आपोआप सुटतो?"

"सुटतो."

"त्याच वेळी कोंबडा आरवला तर कोंबड्याने सोडवला म्हणाल?"

"नाही."

"आणि एकदा अडकला की?"

मागल्या वर्षी नळी तुंबून शेजाऱ्याच्या भट्टीचं झाकण उडून छपरातून बाहेर गेलं होतं, ते रादोयकाने पाहिलं होतं. "एकदा अडकला की पुन्हा अडकतो," ती म्हणाली. "लगेच नळी काढून साफ करावी लागते."

"पहिला झटका हा इशारा होता. तेव्हा गुठळी आपोआप सुटली. आज सुटलेली नाही."

रादोयकाने सदरा सोडला. मग तिनेच गर्दीवर आवाज टाकला, "फाटक उघडा, मेल्यांनो, आणि ते ट्रॅक्टरचं धूड काढा आधी रस्त्यातून."

औषध वेळेत मिळालं. बुदिमिर परत आला तो स्वतःच्या पायांनी, डावा हात तेवढा थोडा आळशी. वसंतात यागोदाचं लग्न झालं आणि त्यात तो नाचला, आळशी हात रादोयकाच्या खांद्यावर ठेवून. स्तामेना अजून शिसं वितळवते. नातवाच्या मासेमारीच्या गळाला लावायची वजनं करते, आणि ती फार चांगली होतात.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. कोणाचं तोंड ओघळलं, हात लुळा पडला, शब्द अडखळले, तर खिडक्यांकडे पाहू नका, घड्याळाकडे पाहा आणि गाडी बोलवा. आपोआप बरं वाटलं तरीही बोलवा. शिसं ओतायचंच असेल तर आधी भोपळ्यावर ओतून बघा.

बुदिमिर २०२४ साली, आलुबुखार फुलले होते त्या आठवड्यात, रात्री झोपेत गेला. वय एक्याऐंशी. तोंड सरळ होतं. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या.